चालेल का

पडद्याच्या कोपऱ्यात हल्ली एक निळी चौकट येते,
नेमकी पेशंट आत बसलेला असताना:
तुमचा संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.
'नंतर आठवण करा' दाबते मी.
सहा महिने दाबतेय.

काचेपलीकडे मोतीराम पागधरे, कानांवर हेडफोन,
हातात बटण. आवाज आला की दाबायचं,
बारीक असला तरी, नुसती शंका आली तरी.
ते माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधतात.
गोदीत बत्तीस वर्षं रिव्हेट मारले त्यांनी.

शनिवारी चेंबूरचा दवाखाना लवकर बंद करून
लॅमिंग्टन रोडला गेले.
वाण्याच्या यादीसारखा कागद नेला होता:
रॅम चार, डिस्क जुनी, प्रोसेसर…
'कुठली पिढी?' मुर्तझाने विचारलं.
सोयरीक जुळवायला आल्यासारखं वाटलं मला.
'सहावी.'
'आठवीच्या खाली घेत नाहीत, ताई.'
शाळेचा क्लार्क बोलतो तसा बोलला.
मग झाकण उघडून बॅटरीने आत बघितलं.
सुरक्षेची एक चिप लागते म्हणे.
माझ्या बोर्डावर तिची जागा आहे,
चौदा भोकं, नीट आखलेली.
चिप कधी बसवलीच नाही कुणी.

बोर्ड, प्रोसेसर, रॅम, नवी डिस्क.
एका माउसच्या खोक्यावर त्याने बेरीज केली,
खाली दोन रेघा मारल्या.
मी पर्समधून केबल काढली, नऊ पिनांची.
खरा प्रश्न तोच होता, शेवटपर्यंत ठेवलेला,
डॉक्टरांकडे लोक ठेवतात तसा, दारापर्यंत.
'हिला कान तपासायचं मशीन लागतं.'
त्याने ती उलटीसुलटी केली.
'ही कोण बनवत नाही आता. कन्व्हर्टर आहे, साडेचारशेचा.'
'चालेल का?'
'चालला पाहिजे.'

'चालेल' आणि 'चालला पाहिजे'
यांच्या फटीत माझा अख्खा दवाखाना बसतो.

मशीनवाली कंपनी भोसरीची होती.
तिचा नंबर आता मॉड्युलर किचनवाले उचलतात.
गोड बोलले, ओट्याची लांबी विचारली.

आत अकरा हजार कान आहेत.
उजवे लाल, डावे निळे.
पागधऱ्यांचेच चौदा आलेख,
चार हजारांवर एक खड्डा, दरवर्षी थोडा खोल.
नव्या यंत्रात ही फाइल उघडली नाही
तर ते आजच बहिरे झाल्यासारखे दिसतील,
जणू गोदी नव्हतीच कधी.

हे मी मुर्तझाला का सांगितलं, माहीत नाही.
त्याने मागे बघितलं, मालक जेवत होता.
'ताई, जुना तसाच ठेवा,' हळू म्हणाला,
'नेटची वायर काढा. वायफाय बंद.
कुणाचा पेनड्राइव्ह लावू नका.
बिलासाठी छोटा नवा घ्या, सावकाश, दिवाळीनंतर.'
'म्हणजे बहिरा करून ठेवायचा?'
'हां. बाहेरचं ऐकलं नाही ना,
तर पुष्कळ चालेल.'
कन्व्हर्टर तरीही घेतला. त्याचा वेळ घेतला होता.
खणात पडलाय, पाकीट न फोडलेला.

सोमवारी टेबलाखाली वाकून वायर उपटली.
तिच्या टोकाला धूळ होती, आणि एक वाळकी माशी.
पंखा पूर्वीसारखाच घरघरला.

आज पागधरे पुन्हा बूथमध्ये.
साठवर काही नाही. पासष्टवर नाही.
सत्तर देण्याआधी मी थोडी थांबले,
बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं, ती होऊ दिली.
बोट कळीवर होतं. दाबलं नव्हतं.

काचेपलीकडे त्यांनी बटण दाबलं.