शून्य

टँकरचं पाणी : मीटर म्हणतो तीनशे ऐंशी.
नळाचं साठ, पण वाळलं की तेही
काचेवर पेजेसारखे शिंतोडे ठेवतं,
आणि पवईच्या बाविसाव्या मजल्यावरच्या
दारूवाला बाई ते बोटाने मोजतात.

मीटर खिशात घालून हिंडलो.
बॅटरीवाल्या मुकादमने कॅनचे तीनशे सांगितले.
शोभेच्या माशांच्या दुकानात हसले :
तुम्हाला हवंय त्या पाण्यात मासा मरतो, राव.
घाटकोपरच्या डायलिसिस सेंटरात
मेल्विनने मीटर बुडवून दाखवला : दोन.
मग हळूच म्हणाला, हे रक्तासाठी आहे.
मी रिकामा कॅन घेऊन जिना उतरलो.

शेवटी साकीनाक्याचा जुना फिल्टर, हप्त्यावर.
एक बादली कामाची, तीन बादल्या मोरीत.
त्या तिनांत सुनंदा गोधड्या भिजवते,
बोलत नाही काही.

मीटरवर पहिल्यांदा शून्य आलं
त्या रात्री घोटभर पिऊन पाहिलं.
चवच नाही. तोंडात फक्त आपली जीभ.

आता काच पुसावी लागत नाही,
पाणी आपलं आपण निघून जातं.
मात्र दोरीवरून उतरताना
अठराव्या मजल्यावर बुटाचा ठसा उठतो,
आणि तेवढ्यासाठी
पुन्हा गच्चीवर.