देणगीदाराचा रकाना

आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं.
कागदावर वर्ग आहे, डोक्यावर टीन आहे,
आणि अनुदान आलं तर मला पगार आहे.

मतदानाला तीन दिवस होते
तेव्हा चावडीतलं लोखंडी कपाट रिकामं झालं.
जागा हवी होती टोप्यांना, उपरण्यांना
आणि वर काहीच न लिहिलेल्या खोक्यांना.
उकंडा कोतवालानं विचारलं, "ह्या जुन्या वह्याइचं काय करू?"
नंदू तायवाडे म्हणाला, "मेलेल्याइच्या याद्या कायले पाह्यजे?
मत जिते लोकं देते."
गेल्या खेपेला चार मेलेल्यांनीही दिलं होतं,
पण ते असो.

त्याच रात्री लाइट गेली.
गेली म्हणजे घालवली.
अंधारात चिठ्ठीत गुंडाळलेली पाचशेची नोट
माझ्या हातात आली, तिला हळदीचं बोट लावलेलं.
"काकू, शपथ हाये."
मी नको म्हटलं नाही.
हे इथं लिहून ठेवते,
दुसऱ्या कुठल्या वहीत ते सापडायचं नाही.

सकाळी निंबाखाली सलीमभाईचा ठेला.
त्याच्या काट्यावर लटकत होता
एकोणीसशे अठराचा कार्तिक महिना.
मी वही उघडली. एका दिवसात अकरा नावं.
कारण: ताप. ताप. ताप.
बाराव्या ओळीपासून अक्षर बदललेलं;
लिहिणाराच गेला असावा.
"तेरा रुपये किलो," सलीमभाई म्हणाला.
अडतीस किलो भरलं,
चारशे चौऱ्याण्णव झाले.
मी हळदीची नोट दिली.
त्यानं सहा रुपये परत दिले
आणि बांधायला सुतळी फुकट.

दाखल नोंदवहीत रकाने असतात:
क्रमांक, नाव, किंमत, कोणाकडून मिळाले.
शेवटच्या रकान्यात मी लिहिलं
नंदकिशोर तायवाडे, देणगीदार.
पेन्सिलीनं लिहिलं.
शाईनं लिहायला धीर झाला नाही.

नंदू निवडून आला.
बँडवाल्यांचे पैसे अजून बाकी आहेत असं म्हणतात.
सहा महिन्यांनी एका दुपारी
तो वाचनालयात आला, चपला बाहेर काढून.
आमच्याकडे कोणी काढत नाही.
जागा राखीव होती, पडताळणीला जुना पुरावा लागत होता,
आणि तहसिलातली प्रत वाळवीनं खाल्ली होती.
"उकंडा म्हने तुमच्यापाशी हाये. किती घेसान, काकू?"

मी म्हटलं, बस.
वही समोर ठेवली. त्याला घाई होती,
पण वहीला नव्हती.
तो बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागला,
शाळेत वाचायचा तसा.
त्याच कार्तिकात, बदललेल्या अक्षरात सापडलं:
मुलगा. बाप उदेभान.
"आमचे आबाजी!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला
की पेपर वाचणारे भोयर गुरुजी दचकले.

पुढचं पान त्यानं स्वतःच उलटलं.
दोन दिवसांनंतरची ओळ.
सगुणा, जौजे उदेभान. वय एकोणीस. ताप.
बोट तिथंच राहिलं.
"इचं नाव," तो म्हणाला, "घरात कोनी घेतलंच नाई कधी."
पंखा नव्हता, बाहेर कुठंतरी
पिंजणाऱ्याची तार वाजत होती.

नकलेची फी दोन रुपये,
वाचनालयाचा ठराव आहे, जुना.
त्यानं खिसा उलटा केला.
सगळ्या पाचशेच्या.
माझ्या डब्यात सुटे नव्हते.
म्हणून उधारीच्या पानावर नोंद केली:
सरपंच तायवाडे, येणे दोन रुपये.
ही मात्र शाईनं.

आता दुसरं वर्ष चाललंय.
बाजाराच्या दिवशी समोरून आला
की मला पाहून खिसा चाचपतो.
सुटे नसतात.