मनोरा नसलेली

बस्त्याव तुस्कानो पहाटेच्या एस्टीने आला.
हातात सुकेळ्यांची पुडी,
उजव्या कानात यंत्र. डावा कान
त्याने केव्हाच देवळाला देऊन टाकलेला.
(ते लोक चर्चला देऊळच म्हणतात.
मला आधी कळायचंच नाही, कुठल्या देवळाचं चाललंय.)

चाळीस वर्षं, एकशे चार पायऱ्या,
पहाटे, दुपारी, दिवेलागणीला.
आता मनोऱ्यावर भोंगा आहे,
घंटा पेनड्राइव्हमध्ये असते, म्हणाला,
आणि हसला,
परसात विहीर असून
नळाचं बिल भरणाऱ्यासारखा.

आमची ओळख एका लोलकावरून.
तडकलेला, चौदा किलोचा,
वसईहून गोणपाटात बांधून आला होता
तांबट आळीत, माझ्या दुकानी.
मागोमाग चिठ्ठी: दुरुस्ती नको, भोंगा बसला.
पण तुमच्या नदीवर आमची एक घंटा आहे ना?
एकदा बघायची आहे.
पत्ता 'श्रीमान' असा घातलेला.
दुकानावर बाई बघून तो दोनदा पाटी वाचून आला.

घाटावर मेथीच्या जुड्या, ओली धोतरं,
कोरडाठाक उभा दुतोंड्या मारुती.
आणि नारोशंकराच्या तटात,
गोदेकडे तोंड करून, ती.
वसईच्या लढाईनंतर आणली म्हणतात.
कुणी हत्तीवरून म्हणतं, कुणी बैलगाड्यावरून.
धातूला विचारलं तर तो नुसतं वजन सांगतो.
मी लहानपणी खेकसले की बाप म्हणायचा,
कार्टी की नारोशंकराची घंटा!
तेवढंच आमचं नातं.

तो मान वर करून बराच वेळ.
मग: मनोरा कुठाय?
नाही.
मग ही उभी कशाच्या भरवशावर?
पुराच्या, मी म्हटलं.
पाणी हिला लागलं की गावाला कळतं.

त्याने कानातलं यंत्र काढलं,
खिशात ठेवलं, रुमालात गुंडाळून,
आणि तटाच्या दगडाला तळवा लावला.
रिक्षा, भोंगे, काकड्या तोलणारी ती बाई,
सगळं बहुतेक मनगटातून चढत असावं त्याच्या.
दोर ओढायचा नसतो, तो भिंतीला म्हणाला,
दोर वर जातो तेव्हा सोडायचा असतो.
ओढणारे पुष्कळ मिळतात.
आमच्यात बाप्या गेला की तीन तीन टोल,
बाईला दोन दोन.
मूल गेलं तर धाकटी घंटा, भराभर,
खेळल्यासारखी. ते कुठे थांबत नाही, सरळ जातं.
असं म्हणत असता बोटांनी दगडावर
काहीतरी मोजत होता.
कोणाचं, ते मी विचारलं नाही.

एक पोरगा आला, म्हणाला, आजोबा, जरा सरका,
फोटोत येताय.
तो सरकला.

दुपारी दुकानात चहा, सुकेळी.
लोलक परत नेणार का, विचारलं.
नको. जीभ आहे, राहू दे इथे,
कधी कुणाला लागली तर.
मग उठून भांड्यांच्या रांगेतून चालला,
वाजवून बघितलं नाही एकही. नुसता
कडेखाली अंगठा, वरून बोट, जरासा दाब.
मोठ्या घंगाळाशी थांबला.
हे डावीकडे जाड आहे, म्हणाला.
नाही हो, मी म्हटलं, वडलांच्या हातचं शेवटचं.
त्याला ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असावं.
चारच्या गाडीने गेला.

रात्री शटर अर्धं ओढून
मी कॅलिपर लावला.
दोन सूत.
पंधरा वर्षं मी रोज पुसते ते.
त्या वर्षी बापाचा डावा डोळा जात चालला होता,
आणि तो आम्हाला
उजेड कमी आहे एवढंच सांगायचा.