घरघर

फेब्रुवारीत तार्तूचे रस्ते बोलत नाहीत.
बर्फ सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवून बसतो,
नदीसुद्धा गप्प,
आणि चौथ्या मजल्यावर माझ्या टेबलाखालचा
हा राखाडी डबा तेवढा जागा.

आधी नुसती कुरकुर होती.
सकाळी दोन मिनिटं,
उठताना गुडघे बोलतात तितकीच.
मी ती कानामागे टाकली.
नाताळनंतर मात्र घरघर लागली.
माइमु दारातूनच म्हणाली,
"हेल्दुर, याला डॉक्टर दाखव,
नाहीतर सरळ पाद्री."

माझ्याकडे एकशे बारा टेपा आहेत.
रात्री आहेत त्यांच्यात, मात्सालूच्या कुरणातल्या.
रुक्कीरॅक नावाचा एक पक्षी,
जो दिसत म्हणून नाही,
गवतात बसून कंगव्याचे दात मोजतो :
क्रेक्स, क्रेक्स.
एकोणऐंशीच्या जूनमधला तो
मला संगणकात उतरवायचा होता, शांततेसकट.
दोन क्रेक्सच्या मधे जी रात्र उरते
तेच खरं रेकॉर्डिंग.
आणि नेमका तिथे हा डबा शिरायचा.
फायलीत नव्हे. माझ्या कानात.

दुकानातला तानेल म्हणाला, नवा पंखा घ्या, बारा युरो.
मी घेतला नाही.
बारा युरोंसाठी नाही,
आवाज कुठून येतो हे न बघता
तो फेकून देणं मला कधी जमलं नाही.

पाठ उघडली.
आत नऊ वर्षांची धूळ, गोधडीसारखी एकसंध.
ब्रशने काढली, एका बोटाने पाती धरून,
नाहीतर फुंकरीनेही ती वेड्यासारखी फिरतात.
मधलं गोल स्टिकर नखाने अर्धं सोलवलं,
खाली रबराचं बूच, बुचाखाली कोरडा पडलेला आस.
माइमुच्या शिलाई मशीनचं तेल :
एक थेंब.
दुसऱ्याचा मोह झाला, आवरला.
स्क्रूंच्या गळ्यात रबरी चकत्या घातल्या,
आणि डब्याच्या चार पायांखाली नमदा,
माझ्याच जुन्या बुटांचा, कात्रीने कापलेला.
हेच बूट घालून मी मार्चमध्ये
घुबडांच्या झाडाखाली उभा राहायचो
पाऊल वाजू नये म्हणून.
आता यंत्राला घातले.

बटण दाबलं.
स्वयंपाकघरात माइमुची सुरी राय-पावावर थांबली.
"गेला?"
"गेला."

हेडफोन लावले. टेपची सरसर. गवत.
क्रेक्स.
आणि त्याच्या मागे
एक बारीक, उंच सूर,
दूर कुणी काचेच्या कडेवर
ओलं बोट फिरवत असावं तसा.

टेप थांबवली. सूर थांबला नाही.
डब्याची वायर काढली. फ्रिजची काढली.
बाल्कनीत गेलो, उणे चौदात, सदऱ्यावर.
खाली बर्फ, वर बर्फासारखेच तारे,
आणि मधे तो.

किती वर्षं असेल?
बिचारा पंखा त्याच्यावर पांघरूण घालत होता
आणि मी त्यालाच शिव्या देत होतो.

दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी हेडफोन माइमुच्या डोक्यावर ठेवले.
तिने डोळे मिटले. हात पिठाचे तसेच.
"काय ऐकू येतंय?"
"तू नाक ओढलंस.
मग काहीच नाही, खूप वेळ.
मग तो. किती कर्कश आहे रे हा,
यासाठी तू जून जून घरी नसायचास?"

आता टेपा ती ऐकते, मी वही सांभाळतो.
पंखा फिरतो की नाही
हे बघायला मला वाकून झरोक्यापाशी
तळहात धरावा लागतो.
चौदाव्या मिनिटाला, ती सांगते,
कुत्रा भुंकतोय. लांब, पाण्यापलीकडे.
मी लिहितो : कुत्रा. लांब.
पाण्यापलीकडे.