शिल्लक

शिवडीच्या गोदामात
सहाशे बारा खोकी मोजून झाली
आणि तांडेल म्हणाला, मॅडम,
मागची रांग अजून धरलीच नाही.

मार्चच्या एकतीस तारखेला हीच खोकी
विकली गेली होती.
टेम्पो भरभरून लॅमिंग्टन रोडला गेली,
बिलं फाटली, आकडा वर चढला,
हेड ऑफिसात कुणीतरी पेढे वाटले.
एप्रिलच्या नऊला तेच टेम्पो, तोच ड्रायव्हर,
खोक्यांवर तोच बाण, ही बाजू वर,
आणि मुलजीभाई गालांची चिठ्ठी:
ठेवायला जागा नाही. राग नसावा.

राग नाही.
त्यांच्या पोटमाळ्यावर त्यांचा भाचा
स्क्रू ओठांत धरून दिवसाला सात मशीन जुळवतो,
आमच्याहून पाच हजारांनी स्वस्त,
वर गिऱ्हाइकाला विचारतो,
कॅबिनेट काळं देऊ की पांढरं?
आम्ही कुणाला कधी काय विचारलं?
खरं सांगायचं तर गोदामाचा हिशेब
मी ज्याच्यावर ठेवते
ते मशीनही त्यानंच जुळवलेलं.

माल नासतो हे ठाऊक होतं
ते कोळंबीबद्दल, केळ्यांबद्दल.
इथे वास सुटत नाही.
दर पंधरवड्याला एक पत्रक येतं,
नवी चिप, नवा भाव,
आणि सहाशे बारा बंद खोक्यांत
काहीही न हलता
काहीतरी उतरतं.

मीटिंगमध्ये भिंतीवर गोल आला.
आमची फोड निळी.
गेल्या साली कलिंगडाची होती, आता लिंबाची.
साहेब म्हणाले, बाजारच थंड आहे.
बाजार थंड असता
तर गोल लहान झाला असता.
मी हे वहीत लिहिलं
आणि वही मिटली.

आता तांडेल एक खोकं फोडतो, नमुन्यादाखल.
थर्माकोल दातांवर आल्यासारखं कुरकुरतं.
वायर लावतो, पंखा घरघरतो,
पडदा हळूहळू उजळतो.
आतली बटणाएवढी बॅटरी
कधीच संपून गेलेली.
मशीन आम्हालाच विचारतं,
आज तारीख काय?

तांडेल माझ्याकडे बघतो.
टाक एकतीस मार्च, मी म्हणते.

तो हसत नाही. टाकतो.
मग खडू घेऊन मागच्या रांगेत शिरतो,
तिथून त्याचा आवाज येतो:
सहाशे तेरा,
सहाशे चौदा.