मानशीचा लिलाव

कोमुनिदादच्या व्हरांड्यात बारा पुरुष,
तेरावा आवाज माझ्या आईचा:
एकशे चाळीस.
कारकुनानं चष्मा पुसला. "नवऱ्याचं नाव?"
"तो शिंपी. त्याला पोहता येत नाही."
तरी वहीत त्याचंच नाव पडलं,
आणि खाडीचं दार वर्षभर हिनं राखलं.

तेव्हापासून कुंभारजुव्याच्या आमच्या घरात घड्याळ नव्हतं.
ओहोटी लागली की जेवायचं,
भरती चढली की गप्प राहायचं.
अवसेच्या उधाणाला बाबा मशीन थांबवून
बांधावर कंदील धरत,
आई कमरेभर पाण्यात फळ्या बसवायची.
पहाटे टोपलीत शेवटे, सुंगटं,
आणि एखादी कुर्ली हमखास
शिलाई मशीनच्या पायट्याखाली.

गाव म्हणे, बाईनं मानस धरली, शेतं बुडणार.
बांध फुटला तो आगुस्तात, भलत्याच टोकाला,
पण बोट दाखवलं गेलं आमच्याच दाराकडे.
ती काही बोलली नाही. रात्रभर चिखल थापला,
पेंढा, दगड, बाबांच्या दुकानातली पोतीसुद्धा.

उजाडल्यावर शाणूला पाजायला बसली,
अंगावर चिखल तसाच.
"खारट लागतंय रे?"
तो काय सांगणार.
मी बोट लावून चाटून बघितलं.
लागत होतं.