तिथीची पाऊणपट

ज्योकिम लिस्बनला निघाला होता, म्हणून सगळंच विकायला काढलेलं:
फ्रीज, गिटार, एक म्हातारा कुत्रा
आणि अंगणात ताडपत्रीखाली ही.
पिवळी. दोन दारं, दोनच जागा,
एकसष्ट हजार किलोमीटर, दुसऱ्याच कुणाच्या घाईचे.

मी फ्रीज बघायला गेले होते.

एकोणपन्नासाव्या वर्षी पहिली गाडी,
न्हाणीघराच्या फरशीसाठी ठेवलेल्या पैशांत थोडं कर्ज घालून.
वीजखात्यात सव्वीस वर्षं लोकांची बिलं काढणारी बाई
शोभत नाही म्हणे असल्या गाडीत.
बहीण फोनवर म्हणाली, मागे कोण बसणार?
म्हटलं, मागे काही नाहीच.
ते वाक्य मलाच नंतर बरेच दिवस पुरलं.

साळगावहून रायबंदरपर्यंत आणली ती दुसऱ्या गिअरमध्ये.
सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला वाकून बघायचा,
आत कुणी पोरगा असेल म्हणून,
आणि माझा चष्मा बघून सरळ व्हायचा.

मग धक्का. पलीकडे चोडण, माझं घर.
ओहोटी होती. मला काय ठाऊक?
इतकी वर्षं या फेरीत पायी चढले,
पाणी कुठवर आलंय हे पायांना कधी विचारावं लागलं नाही.
फेरीची फळी खाली गेलेली, धक्का वर राहिलेला,
मधल्या कोनात नाक टेकलं
आणि पोटाखालून असा आवाज आला
की टेम्पोतल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

पुरसो दोर टाकून आला. बावीस वर्षं तो गाड्या चढवतो.
चाकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"बाय, गाडी हाडल्या काय पाट?"
चौघांनी मागे ढकलली. रात्री ती रायबंदरला,
मी घरी, किल्ली उशाशी.

दुसऱ्या दिवशी त्यानेच बिडीच्या पाकिटावर आकडे मांडले:
तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास.
पाणी चढलं की फळी धक्क्याशी सपाट.
त्याच्या बापाचं गणित, होडीसाठीचं.
अष्टमीला सहा.
एकादशीला सव्वाआठ, म्हणजे ऑफिसला नेमकी,
परतीला मात्र पावणेनऊ, काळोख पडल्यावर.
अमावास्येला भर दुपारी बारा, तेव्हा काय करायचं ते करा.

हल्ली मी दिनदर्शिकेत चतुर्थी उपासासाठी बघत नाही.
चतुर्थी म्हणजे तीन.

वेगाचं विचाराल तर
चोडणात वेग कुठे काढणार? म्हशी आहेत, वळणं आहेत.
खाजनाच्या बांधावर एक सरळ तुकडा आहे, सातशे मीटर.
तिथे तिसरा लागतो.
चौथ्याला एकदा हात लावून आले.
पाचवा आहे, असं गिअरच्या मुठीवर लिहिलंय.

गेल्या रविवारी पुरसोला बसवलं.
चपला बाहेर काढून ठेवायला लागला, मी ओरडले.
बांधावर तिसरा टाकला. छत उघडं.
तो काही बोलला नाही,
फक्त खाडीच्या बाजूला हात बाहेर सोडला, बोटं सैल,
पाण्यात सोडतात तशी.
उतरताना म्हणाला, बापाच्या होडीत इतक्याच खाली बसायचो.
होडी कधी विकली, ते मी विचारलं नाही.

आज पंचमी. पावणेचार.
गाडी काल रायबंदरलाच राहिली आहे.
साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवलाय, अर्धा दिवस रजा.
'कारण' या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसले,
मग लिहिलं: भरती.